मिठाची बाकी

समुद्राचे अथवा खाऱ्या विहिरीचे पाणी सूर्याच्या शक्तीने गोडे करून घ्यावे, ही कल्पना इतकी मोहक आहे, की तिच्याकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहणे पुष्कळांना अरसिकपणाचे वाटते. उलट ज्यांनी अशा योजना थाटामाटाने सुरू होताना आणि थोड्याच वर्षांत निकामी होताना पाहिल्या आहेत, त्यांना तिच्याकडे दुसऱ्या कोणत्याही दृष्टीने पाहणे अशक्य होऊन बसते. या दोन वृत्तींची माणसे परस्परांचे जुने स्नेही असावीत आणि त्यांनी एकाच बैठकीत हा विषय तडीस न्यावा, असा योग क्वचित येतो. रावसाहेब हे मुंबई शहराच्या पाणीपुरवठा खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. गुरुजी हे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथे भूमीखालचे पाणीच निसर्गतः खारे आहे, मुख्याध्यापकी करून तेथेच स्थायिक झालेले. विषय निघाला तो मुंबईतील मनोरी येथील नियोजित निःक्षारीकरण प्रकल्पावरून. त्यांचे बोलणे मला जसे समजले तसे येथे देतो.

रावसाहेब : गुरुजी, ही कल्पना कालपरवाची नव्हे. १८७२ साली, आज चिली देशात मोडणाऱ्या आटाकामाच्या वाळवंटात, लास सालिनास या ठिकाणी चार्ल्स विल्सन नावाच्या अभियंत्याने उथळ लाकडी कुंडांवर काचेची उतरती छपरे घालून खाणींतल्या खेचरांसाठी गोडे पाणी केले. खाली खारे पाणी तापावे, त्याची वाफ व्हावी, ती काचेच्या आतल्या अंगाला निवून थेंबाथेंबाने पन्हळीत उतरावी, इतकीच ती क्रिया. पण सुमारे साडेचार हजार चौरस मीटर काचेखाली दिवसाला बावीस हजार लिटरांच्या घरात पाणी निघे आणि हे काम सुमारे चाळीस वर्षे चालले. कोळसा नाही, धूर नाही, फिरणारे यंत्र जवळजवळ नाही. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवाणिया गावी त्याच तत्त्वावर दिवसाला सुमारे पाच हजार लिटरांचे संयंत्र उभारले. ज्या देशाला वर्षातले आठ महिने निरभ्र ऊन लाभते, त्याने तहानेची तक्रार करावी, याचे मला वैषम्य वाटते.

गुरुजी : वैषम्य मलाही वाटते, परंतु आपल्याच आकड्यांचा भागाकार करून पाहा. दर चौरस मीटर काचेमागे दिवसाला पाच लिटर पाणी! एका माणसाच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला जेवढे लागते, तेवढ्यासाठी चौरस मीटरभर काच जमिनीवर आडवी पसरायची, रोज पुसायची, फुटली तर बदलायची आणि कुंडात साठलेले मीठ खरवडून काढायचे. खेचरांचा मालक हा खर्च सोसतो, कारण खेचर मेले तर त्याची खाण थांबते. गरीब गावाची तहान भागली नाही म्हणून कोणाची खाण थांबते?

रावसाहेब : आपला भागाकार बरोबर आहे, आणि म्हणूनच विज्ञान तेथे थांबले नाही. हजार लिटर पाण्याची वाफ करायची तर सुमारे साडेसहाशे युनिट उष्णता लागते, हा निसर्गाचाच दर आहे. परंतु पाणी आणि मीठ वेगळे करण्यासाठी वाफ केलीच पाहिजे, असे निसर्गाने कोठेही म्हटलेले नाही. निम्मे समुद्रजल गोडे करून घ्यायचे ठरवले, तर हजार लिटरांमागे जेमतेम एक युनिट ऊर्जा पुरावी, असे शास्त्रीय गणित सांगते. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लोएब आणि सौरिराजन यांनी असे पटल तयार केले, की मोठा दाब दिला असता त्यातून पाणी पार होते आणि मीठ अलीकडे राहते. लोक ज्याला आज ‘आरओ’ म्हणतात, ते हेच. समुद्राच्या पाण्याला साठ-सत्तर वातावरणांचा दाब द्यावा लागतो, परंतु बाहेर पडणाऱ्या दाट खाऱ्या पाण्यातला दाब परत पकडून आत येणाऱ्या पाण्याला देण्याची युक्ती सापडल्यापासून मोठी संयंत्रे हजार लिटरांना तीन-चार युनिटांत काम भागवतात. आता एक चौरस मीटर काचेऐवजी तेवढ्याच आकाराचे सौर पॅनेल ठेवा. ते दिवसाला पाऊण-एक युनिट वीज देईल आणि त्या विजेवर दोनशे लिटरांच्या आसपास गोडे पाणी होईल. जेथे पाच लिटर निघत, तेथे दोनशे! या शोधाला आपण टिकाऊ म्हणणार नाही, तर कशाला म्हणाल?

गुरुजी : पटलाची थोरवी मी नाकारीत नाही, मी त्याच्या शेजारी राहिलो आहे. आमच्याकडच्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा मोडत नाही, आणि हंडा रिकामा करून वाळवला की आतून पांढरी रेघ उमटते. अशा गावात एका संस्थेने सौर पॅनेलांवर चालणारे आरओ यंत्र बसवून दिले, तेव्हा बायांनी त्याला हळदकुंकू वाहिले होते आणि त्यात वावगे काहीच नव्हते. पहिले वर्ष पाणी उत्तम आले. पुढे पटलांवर क्षार धरू नयेत म्हणून घालावयाचे रसायन संपले, ते तालुक्याला मिळेना. मग पटले चोंदली. ती बदलण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात कोठल्याच सदराखाली बसेना. देखभालीचा करार ज्याच्याशी होता, त्याची मुदत संपली होती. पत्र्याच्या खोलीला कुलूप लागले. पॅनेले मात्र छपरावर होती तशीच राहिली, सूर्य उगवताच वीज तयार करीत राहिली आणि ती घेणारे खाली कोणी नव्हते. माझा पक्ष मी त्या छपराकडे पाहूनच बनवला आहे, रावसाहेब. सूर्य एक दिवसही चुकला नाही. चुकले ते सूर्याखेरीजचे सर्व काही.

रावसाहेब : परंतु हा दोष शास्त्राचा नव्हे, बंदोबस्ताचा आहे. राजस्थानात सांभर सरोवराजवळच्या कोटडी गावी बेअरफूट कॉलेजने २००६ मध्ये भावनगरच्याच संस्थेच्या साह्याने सौर विजेवरचे असे संयंत्र बसवले आणि ते चालवण्याचे काम गावातल्या बाईने शिकून घेतले. जिथे यंत्र चालवणारा माणूस गावचा असतो, पाण्याला अल्प का होईना मोल घेतले जाते आणि ते मोल पटलांच्या नावाने वेगळे जमा राहते, तिथे यंत्र जगते. पाच-सात वर्षांनी पटल बदलायचे आहे, हे बसवण्याच्या दिवशीच ठाऊक असते. ज्याची तारीख आधी ठाऊक आहे, त्या खर्चाला आपत्ती म्हणता येत नाही.

गुरुजी : हे मला मान्य आहे, आणि आमच्या गावाने ते केले नाही, हा आमचा दोष मी पदरी घेतो. परंतु यंत्र चालू होते तेव्हाही एक हिशेब कोणी मांडत नव्हता. शंभर लिटर खारे पाणी आत गेले, की चाळीस-पन्नास लिटर गोडे बाहेर येई. बाकीचे पाणी, आत गेलेले जवळजवळ सगळे मीठ घेऊन, मागच्या नाल्यात सोडले जाई. काळी भारी जमीन, निचरा आधीच मंद. दोन उन्हाळ्यांत त्या नाल्याच्या काठावर पांढरे पापुद्रे आले. त्यांवर पाय पडला की चरचर आवाज होई आणि तेथे लव्हाळाही उगवेनासा झाला. गावाने घशातले मीठ काढून शेतात टाकले होते, दुसरे काय? समुद्रकाठच्या गावांतील विहिरींची गोष्ट याहून कठीण आहे. तेथे उपसा फार झाल्यामुळे समुद्राचे पाणी भूमीखालून आत शिरते आणि विहीर खारी होते. मग त्याच खाऱ्या विहिरीवर यंत्र बसवून, एक घडा गोड्या पाण्यासाठी दोन घडे उपसून, आपण समुद्राला आणखी आत बोलावतो. सूर्याची वीज फुकट असल्यामुळे उपशाला जो लगाम वीजबिल घालीत असे, तोही सुटतो.

रावसाहेब : खाऱ्या विहिरीचा मुद्दा बिनतोड आहे, तेथे मी आपल्या बाजूला येतो. परंतु समुद्राला तो लागू कसा होईल? मीठ समुद्राचे, समुद्राला परत. शिवाय दाट खारे पाणी ही केवळ घाण नव्हे, तो कच्चा माल आहे. भावनगरच्या ज्या संस्थेने मीठ पिकवण्याचे शास्त्र वाढवले, तिनेच पाणी गोडे करण्याचे काम अंगावर घेतले, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. मिठागरात समुद्राचे पाणी उन्हाने आटवत आटवत नेतात, तिथे आधीच दुप्पट दाट झालेले पाणी मिळाले तर आगराचे निम्मे श्रम वाचतील. लक्षद्वीपमध्ये कवरत्ती येथे २००५ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने याहून निराळी वाट काढली. उन्हाने तापलेले वरचे समुद्रजल कमी दाबाखाली घेऊन त्याची वाफ करतात आणि खोलवरून आणलेल्या थंड पाण्याने ती निववून पुन्हा पाणी करतात. दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी मिळते. आत घेतलेल्या पाण्यातला अगदी अल्प भाग वाफ होतो, म्हणून परत जाणारे पाणी मूळच्यापेक्षा फारसे खारे नसते.

गुरुजी : आणि तेथले पंप कशावर चालतात?

रावसाहेब : डिझेलच्या जनित्रावर.

गुरुजी : म्हणजे तेथे मिठाचे खाते जुळले तर ऊर्जेचे जुळले नाही; आमच्या गावी ऊर्जेचे जुळले तर मिठाचे जुळले नाही. आता आपण मनोरीचा हिशेब करू, कारण तेथे आकडे मोठे आहेत आणि मोठ्या आकड्यांत सत्य लपू शकत नाही. पहिल्या टप्प्यातच दिवसाला वीस कोटी लिटर गोडे पाणी हवे. शंभरातले चाळीस गोडे होते असे धरले, तर पन्नास कोटी लिटर समुद्रजल आत घ्यावे लागेल. लिटरात पस्तीस ग्रॅम मीठ. दिवसाला साडेसतरा हजार टन मीठ त्या यंत्रातून जाईल. वर्षाला चौसष्ट लाख टन. आपल्या सबंध देशात वर्षाला मीठ पिकते ते अडीचशे ते तीनशे लाख टन. एका शहराच्या एका कारखान्याचे मीठ देशाच्या पिकाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. ते कोणत्या मिठागरात मावेल? ते समुद्रातच जाणार, आणि जड असल्यामुळे नीट न मिसळले तर तळाशी पसरणार. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाच्या अभ्यासात जगातल्या अशा सर्व संयंत्रांचा मेळ घातला, तेव्हा दिवसाला साडेनऊ हजार कोटी लिटर गोड्या पाण्यामागे चौदा हजार दोनशे कोटी लिटर दाट खारे पाणी निघते, असे दिसून आले. मनोरी-गोराईच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळतात. त्या बोंबलांची अंडी आणि पिल्ले ज्या पाण्यात वाढतात, तेच पाणी पंप आत ओढणार आणि तेथेच मीठ बाहेर सोडणार. कोळीवाड्याला विचारल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही.

रावसाहेब : त्यावर उपाय आहेत. खोल समुद्रात नळ नेऊन अनेक तोंडांनी, वेगाने, प्रवाहाच्या जागी पाणी सोडले, तर थोड्या अंतरात ते समुद्राशी एकरूप होते. आत घेण्याचा वेग मंद ठेवला, तर पोहती पिल्ले कमी ओढली जातात. हे खर्चाचे काम आहे, अशक्य नाही. आणि गुरुजी, दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहा. मुंबईला सात जलाशयांतून दिवसाला सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येते. शहर वाढले की आम्ही आजवर एकच उत्तर दिले, आणखी एक धरण. गारगाई नदीवर धरण बांधण्याची तजवीज आहे. त्यात तानसा अभयारण्यातले जंगल, लाखो झाडे आणि आदिवासींचे पाडे बुडतात. शहापूर तालुक्याची अवस्था आपण जाणताच. तानसा आणि भातसा तेथे, मुंबईचे नळ त्यांवर, आणि उन्हाळ्यात तेथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बाया हंडे घेऊन उभ्या. मी नोकरीत असताना ती रांग पाहिली आहे आणि आमच्या खात्याच्या दप्तरात तिला सदर नव्हते. समुद्राचे पाणी घेतल्याने एकही गाव बुडत नाही. बोंबलाची काळजी करावी, अवश्य करावी. परंतु पाड्यांची काळजी तिच्याआधी येते.

यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे बोलले तेव्हा त्यांचा स्वर प्रतिपक्ष्याचा राहिला नव्हता.

गुरुजी : हा आपला मुद्दा आजवरच्या सगळ्यांत वजनदार आहे. मी त्याला विरोध करीत नाही. त्याची हमी मागतो. त्या आधी दोन गोष्टी मात्र बोलून टाकतो. मुंबईच्या नळांतून गळती आणि चोरी मिळून निदान चौथा हिस्सा पाणी जाते असे धरले, तरी ते दिवसाला साडेनऊशे दशलक्ष लिटरांच्या वर होते, म्हणजे मनोरीच्या पहिल्या टप्प्याच्या चौपटीहून अधिक. ते पाणी आधीच गोडे आहे आणि बऱ्याच अंशी उतारावरून आपल्या आपण आलेले आहे. आमच्याकडेही तसेच. आमच्या पट्ट्यात वर्षाला साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरांच्या पत्र्यावरून, वाया जाणारे वजा करून, तीस हजार लिटर पाणी उतरते. पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला तीस लिटर धरले तर वर्षाला अकरा हजार पुरतात. सूर्यानेच समुद्राचे पाणी गोडे करून आमच्या छपरापर्यंत आणून टाकले आहे, मीठ मागे ठेवून. ते वाहून जाऊ द्यायचे आणि त्याच सूर्याकडे यंत्रासाठी जायचे, यात न्याय कोठे आहे?

रावसाहेब : पण ज्याचे घर गवताने शाकारलेले आहे, त्याचे छप्पर पाणी कसे देणार? ज्या वर्षी पाऊस नागा करतो, त्या वर्षी टाकीत काय राहते? दहा हजार लिटरांची पक्की टाकी मजुराच्या ऐपतीत बसते का? बेटावरच्या माणसाला, खडकावरच्या यात्रास्थळाला, कोरड्या वर्षातल्या खारपाणपट्ट्याला यंत्रच हवे. कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकावर सौर ऊर्जेचे दिवसाला दहा हजार लिटरांचे संयंत्र उभारले आहे. तेथे दुसरे काय करता आले असते? आणि गाव हजार वस्तीचे असेल, तर माणशी पाच लिटरांप्रमाणे पाच हजार लिटर पाण्याला शाळेच्या छपरावर मावतील एवढी पॅनेले पुरे होतात. रात्रीची चिंता नको; वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणे सोपे, दिवसा टाकी भरून घ्यावी.

गुरुजी : गावासाठी हे सर्वस्वी खरे आहे. मनोरीसाठी नाही. वीस कोटी लिटरांना दिवसाला सुमारे सात लाख युनिट लागतील. एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे दिवसाला चार युनिट देते, म्हणजे पावणेदोन लाख किलोवॅट, आणि त्यासाठी सातशे एकरांच्या वर जमीन. ती मुंबईत नाही. केवळ उन्हाच्या वेळी कारखाना चालवावा, तर तेवढ्याच पाण्यासाठी तो तिप्पट-चौपट मोठा बांधावा लागेल. म्हणून तो रात्रंदिवस चालेल, वीज दूरवरून तारांनी येईल आणि रात्रीच्या विजेत कोळशाचा वाटा मोठा असेल. त्याला सौर म्हणावयाचे, तर दूर कोठे तेवढी पॅनेले खरोखर उभी आहेत आणि त्यांची जमीन कोणाची होती, हे जाहीर झाले पाहिजे.

रावसाहेब : ही अट मला कबूल आहे. आपली हमी कोणती, ती सांगा.

गुरुजी : समुद्रातून जितके लिटर मुंबई घेईल, तितके लिटर शहापूरच्या पाड्यांसाठी आणि तेथल्या नद्यांसाठी त्या भागातल्या जलाशयांतून सोडले जातील, आणि गारगाईची तजवीज रद्द होईल, असे मंजुरीच्या कागदावरच लिहिलेले असावे. तसे नसेल, तर समुद्राचे पाणी येईल, धरणही येईल, गळतीही राहील, आणि नव्या पाण्याच्या भरवशावर नवे मजले चढतील. पाड्यावरची रांग होती तेथेच राहील. आपण जंगलाच्या नावाने हा प्रकल्प मागता, म्हणून जंगलाचे नाव त्या कागदावर पाहिजे.

रावसाहेब : मी खात्यात असतो तर असा मसुदा वर पाठवला असता, आणि तो परत आला असता तर पुन्हा पाठवला असता. आज मी नागरिक म्हणून तो पाठवीन. मात्र गळती संपेपर्यंत समुद्राला हात लावू नका, असे आपण म्हणाल, तर मी ते मानणार नाही. तोवर जंगल बुडालेले असेल.

गुरुजी : तसे मी म्हणत नाही. दोन्ही कामे एका वेळी चालावीत. पण एकाचे यश दुसऱ्याच्या आळसाला आधार होऊ नये.

येथे दोघांचे बोलणे संपले. मतभेद पुरता मिटला नाही, परंतु तो नेमका कोठे आहे, हे स्पष्ट झाले, आणि माझ्या मते या विषयात तेवढ्याचीच उणीव होती. सौर विजेवर गोडे केलेले पाणी टिकाऊ आहे काय, हा प्रश्न आपण नेहमी सूर्याला विचारतो, आणि सूर्याचे उत्तर सर्वकाळ होकारार्थी असल्यामुळे आपले समाधान होते. वास्तविक हा प्रश्न तिघांना विचारावयाचा आहे : मीठ जेथे जाऊन पडणार त्या जमिनीला आणि किनाऱ्याला, पाच-सात वर्षांनी पटल बदलण्यासाठी पैसे काढून ठेवणाऱ्या अंदाजपत्रकाला, आणि हे नवे पाणी आले म्हणून कोणते जुने पाणी कोणाला परत मिळणार, हे ठरवणाऱ्या हुकुमाला. बेटांना व खाऱ्या भूमीवरच्या तहानलेल्या गावांना, जिथे पाऊस साठवूनही पिण्याचे पाणी पुरत नाही, तिथे हे यंत्र आजच द्यावे, चालवणारा माणूस गावातला नेमून आणि पटलांचा निधी पहिल्या दिवसापासून बांधून द्यावे. परंतु ज्या शहरांना हे पाणी वाढीव म्हणून हवे आहे, त्यांच्याकडून परतफेडीचा करार लेखी घेतल्याखेरीज एक लिटरही मंजूर करू नये. ऊर्जेचे खाते सूर्याने आपल्यापुरते चुकते केले आहे. मिठाचे आणि न्यायाचे खाते चुकते करण्याची जबाबदारी आपली आहे, आणि ती बाकी पुढच्या पिढीच्या नावे ओढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.